देवळं परग्रहावरच्यांनी बांधली आणि बंगले कष्टाने?

नोव्हेंबर उजाडला की कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर एक ठरावीक माल यायला लागतो. अंबाबाईचा किरणोत्सव, मागे गूढ संगीत, आणि खर्जातला एक आवाज: "हे माणसाला शक्यच नव्हतं." पाठोपाठ खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, मग वेरूळचं कैलास लेणं, मग आकाशातून उतरणारी यानं. अंगठा जरा पुढे सरकवला की दुसरा माल सुरू. कोट घातलेला एक वक्ता स्टेजवर येरझाऱ्या घालत सांगत असतो, "कष्ट करा, पैसा झक मारत मागं येईल."

ही दोन्ही विधानं एकाच माणसाला एकाच बैठकीत पटतात, याची मला गंमत वाटते. पहिलं खरं धरलं तर माणसाच्या हातांना दगडसुद्धा धड कापता येत नाही. दुसरं खरं धरलं तर त्याच हातांना अशक्य असं काही उरत नाही. माझ्या मते दोन्हीकडे एकच गोष्ट गाळलेली असते, आणि ती म्हणजे कष्टाच्या भोवतीची व्यवस्था. पैसा कोणी घातला, माप कोणी घेतलं, कसब कुठून आलं, दर कोणी ठरवला आणि तोटा कोणाच्या माथी बसला, हे विचारलं की दोन्ही रील्सची हवा निघते.

## 'ते आले होते' म्हणजे नेमकं काय म्हणणं आहे?

फार पूर्वी दुसऱ्या ग्रहावरची प्रगत मंडळी पृथ्वीवर आली, त्यांनी माणसाला बांधकाम, खगोल वगैरे शिकवलं किंवा स्वतःच करून दिलं, आणि माणसांनी त्यांनाच देव मानलं, अशी ही कल्पना. ती घरोघरी पोहोचवली एरिक फॉन डॅनिकेन या स्विस हॉटेलवाल्याने, १९६८ सालच्या एका पुस्तकातून. तेव्हापासून पिरॅमिड, पेरूमध्ये जमिनीवर कोरलेल्या नाझ्का रेषा, मेक्सिकोकडच्या माया लोकांची देवळं आणि आपलं वेरूळ हा तिचा कायमचा मुक्काम आहे.

युक्तिवाद ठरलेला असतो. ही गोष्ट कशी केली ते मला कळत नाही; म्हणजे त्या काळच्या माणसाला ती येत नसणार; म्हणजे बाहेरून कोणीतरी आलं असणार. पहिल्या वाक्यात सांगणाऱ्याचं अज्ञान आहे, दुसऱ्या वाक्यात ते अलगद बाराव्या शतकातल्या पाथरवटाच्या नावावर टाकलेलं आहे.

## मग किरणोत्सवाचं काय?

थोडं सविस्तर बघू, कारण हे प्रकरण खरंच सुंदर आहे. अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार पश्चिमेला. वर्षातून दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा संकेत आहे. ढग, धूळ आणि महाद्वार रोडवरच्या इमारती मध्ये आल्या तर तो मोडतोही.

आता कॅलेंडर घ्या. सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेकडच्या टोकाला पोहोचतो आणि तिथून परत फिरतो. ९ नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४२ दिवस, आणि २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंतही ४२ दिवस. म्हणजे जाताना सूर्य ज्या जागी मावळला, परतताना तेवढ्याच दिवसांनी तो पुन्हा त्याच जागी आला. दोन किरणोत्सव हे एकाच जागेचे दोन फेरे आहेत.

तीनच दिवस का? कारण या काळात मावळतीची जागा रोज साधारण सूर्याच्या निम्म्या रुंदीइतकी सरकते. लांबच लांब वाटेतून, एकामागोमाग एक दारांतून येणारा उजेड एवढ्याशा फरकानेही भिंतीवर आपटायला लागतो. आणि किरणं खालून वर चढतात, कारण सूर्य खाली जाईल तसा उजेड आडवा होत जातो. आधी फरशीवर पडणारा झोत मग समोरच्या उभ्या मूर्तीवर चढतो.

एक गोष्ट रीलवाले कधीच सांगत नाहीत. कोल्हापुरात वर्षभरात मावळतीची जागा बरोबर पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेचोवीस अंशांपर्यंत फिरते. ज्या पश्चिमाभिमुख देवळाचा रोख या पट्ट्यात आहे आणि समोर आडोसा नाही, त्याच्या दारातून सूर्य वर्षात दोन वेळा थेट आत बघणारच. अवघड काय आहे, तर एवढ्या लांबीत सगळी दारं एका ओळीत ठेवणं आणि उंबरे, पायऱ्या, मूर्तीची उंची यांचा मेळ घालणं. ते गवंड्याचं आणि पंचांग मांडणाऱ्या जोशाचं काम आहे. त्यासाठी एक उभी काठी, सुतळी, सपाट जमीन आणि काही वर्षं नेमाने संध्याकाळी खुणा करणारा माणूस पुरतो. शेतावरच्या माणसालाही समोरच्या डोंगराच्या कुठल्या खिंडीत सूर्य बुडाला की कुठला महिना आला, हे ठाऊक असतं.

खिद्रापूरची गंमत तर याच हिशेबातून निघते. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी असलेल्या या शिलाहारकालीन देवळात ४८ खांबांचा स्वर्गमंडप आहे, आणि त्याच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा. त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या आसपास चंद्र त्या गोलावर येतो, म्हणून लोक गर्दी करतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७-१८ अंश असतो. म्हणून चंद्र उत्तरेला तेवढाच. आणि खिद्रापूर आहे विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसोळा अंशांवर. चंद्र डोक्यावर येणार नाही तर कुठे येणार! चंद्राची वाट सूर्याच्या वाटेपेक्षा थोडी तिरकी असल्यामुळे काही वर्षी तो चार-पाच अंश इकडेतिकडे असतो, एवढंच.

## पण एवढा दगड हातांनी कापला?

काळ्या पाषाणाची भीती शहरातल्या माणसाला वाटते. छिन्नी, सुतकी, पहार आणि पाचर यांवर आयुष्य काढलेल्या घरांना ती वाटत नाही. दगडाला भेग कुठे आहे ते बघायचं, ओळीने भोकं घ्यायची, पाचरी ठोकायच्या. शिळा आपसूक सुटते.

वेरूळच्या कैलासाचा आकडा रीलमध्ये हमखास येतो: चार लाख टन दगड, वीस वर्षांत. हा आकडा फुगवलेला असला तरी तोच घेऊ. वर्षाला वीस हजार टन. कामाचे ३०० दिवस धरले तर रोज ६७ टन. माणसं ३०० लावली तर माणशी सव्वादोनशे किलोच्या आत. काळ्या दगडाचा एवढ्या वजनाचा ठोकळा प्रत्येक बाजूने दीड फुटापेक्षा कमीच भरतो. आणि सगळा दगड चुरा करून काढायचा नव्हता. चर मारून मोठमोठे तुकडे सुटे करायचे होते. काम कष्टाचं आहे, पण त्यात चमत्कार कुठेच नाही. हिशेब न मांडता नुसतं 'चार लाख टन' म्हटलं की छाती दडपते, आणि रीलचा धंदा तिथेच चालतो.

शिवाय लोकांनी लिहून ठेवलेलं आहे. इसवी सन ८१२-१३ च्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात कृष्णराजाने उभारलेल्या या देवळाचं वर्णन येतं. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले आणि खुद्द शिल्पीलाच 'हे माझ्या हातून कसं झालं' असं वाटलं, असा त्याचा आशय आहे. बघा, विमानं आहेत; पण विमानातले प्रेक्षक आहेत आणि बांधणारा जमिनीवर आहे! खिद्रापुरात यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे आणि तो देवाला गाव दिल्याची नोंद करतो. गाव द्यायचं म्हणजे त्या गावचं उत्पन्न देवळाकडे लावून द्यायचं. दिवाबत्ती, पूजा, डागडुजी यासाठी कायमचा निधी. देऊळ आठशे वर्षं का टिकलं याचं अर्धं उत्तर दगडात असेल, उरलेलं अर्धं या असल्या तरतुदीत आहे.

## खरे पाहुणे आले होते, त्यांचा पुरावा टाउन हॉलमध्ये आहे

लांबून आलेल्या लोकांचं इतकं आकर्षण असेल तर कोल्हापुरातच पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीला जावं. १९४० च्या दशकात तिथल्या टेकाडात खोदकाम झालं. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनीही तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं निघाली, आणि तिथे सापडलेल्या वस्तूंत काशाची एक छोटी मूर्ती मिळाली. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. सोबत रोमन धाटणीची काशाची भांडी आणि आरसा. टाउन हॉल संग्रहालयात ही मूर्ती आहे. हातभरही उंची नाही तिची. उघड्या अंगाचा दाढीवाला देव, एक हात वर. त्या हातातला त्रिशूळ आता नाही, पण पकड तशीच आहे.

समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्री ओलांडून ही मूर्ती कशी आली? मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातून जहाजं कोकण किनाऱ्याला लागायची, तिथून बैलांचे तांडे घाट चढायचे. आपल्याकडून मिरी, कापड, रत्नं जायची. त्यांच्याकडून मद्य, धातूच्या वस्तू आणि नाणी यायची. दोन हजार वर्षांपूर्वीचा जिवंत धंदा.

पाहुणे येऊन गेले की मागे खरकटी भांडी उरतातच. रोमन आले नि गेले, तर कुंभांचे तुकडे, नाणी, मूर्ती मागे राहिल्या, आणि त्यांच्या बाजूने लिहिलेल्या नोंदीही मिळाल्या. तारे ओलांडून आलेल्या मंडळींनी मात्र एक खिळा मागे ठेवला नाही, परक्या धातूचा तुकडा नाही, बंद पडलेलं एखादं यंत्र नाही. वर त्यांनी वापरली काय, तर छिन्नीच, कारण खुणा छिन्नीच्याच आहेत!

## 'शक्यता तर नाकारता येत नाही ना?'

विश्वात इतरत्र जीवसृष्टी असू शकते, यावर गंभीर संशोधन चालतं. जुलै २०२५ मध्ये आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला ३आय/ॲटलस हा धूमकेतू सापडला तेव्हा हार्वर्डच्या अवी लोब यांनी तो कृत्रिम असू शकेल का, असा प्रश्न टाकलाच. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी निरीक्षणांवरून तो धूमकेतूच असल्याचं सांगितलं. प्रश्न विचारण्यात पाप नाही. पण 'कुठेतरी कोणीतरी असेल' आणि 'त्यांनीच खिद्रापूर बांधलं' या दोन विधानांत मोठी दरी आहे, आणि ती पहिल्याच्या भरवशावर ओलांडता येत नाही.

अजून एक गोष्ट टोचते. हा संशय येतो तो इजिप्त, पेरू, मेक्सिको आणि वेरूळवर. युरोपातली उत्तुंग चर्चं कोणी बांधली, असं कोणी फारसं विचारत नाही. ज्यांच्या हातांवर आधीच विश्वास नव्हता, त्यांचंच काम परग्रहावर पाठवलं जातं.

## आता दुसरी रील: कष्ट केले की पैसा येतो का?

आर्थिक सुरक्षितता म्हणजे बंगला-गाडी नव्हे. घरातला कमावता माणूस सहा महिने अंथरुणाला खिळला, तरी चूल पेटते, पोरांची फी भरली जाते आणि सावकाराचं तोंड बघावं लागत नाही, ही सुरक्षितता. एवढी व्याख्या धरली की प्रश्न सोपा होतो: नुसत्या कष्टाने ही मिळते का?

ऊसतोड बघा. हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. भल्या पहाटे फडात शिरायचं, ऊस बुडातून तोडायचा, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायच्या. अंगाला पाचट कापतं, खोपीत पोरं एकटी. यापेक्षा जास्त कष्ट दाखवा. दिवसाला दोन टन तोडले आणि टनाला ३६६ रुपयांच्या आसपास दर धरला तर होतात ७३० रुपये, तेही दोघांचे मिळून. त्यातून मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फिटायची असते. हंगाम संपतो आणि पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते.

आता त्याच उसाच्या मालकाकडे या. २०२५-२६ साठी केंद्राने उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, टनाला ३५५० रुपये ठरवला; हा १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली. पुढच्या दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त. कोल्हापूरकडची माती, पाणी आणि हवा अशी की इथला उतारा राज्यात वरचढ असतो. १२ टक्के धरला तर दर जातो टनाला ४१५५ रुपयांच्या घरात. तोडणी-वाहतूक त्यातून वजा. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने तेवढाच घाम गाळला, तरी टनामागे सहाशे रुपये कमी. हे सहाशे रुपये कष्टाचे नाहीत, जागेचे आहेत. आणि त्या जागेला पाणी मिळालं ते शाहू महाराजांनी राधानगरीला धरण हाती घेतलं म्हणून.

तीच जागा उलटतेही. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळमधला नदीकाठचा ऊस आठवडाभर बुडून कुजला, माळावरचा उभा राहिला. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांत आळशी कोण होता?

## चप्पल तीच, पायातला भाव वेगळा

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाली, मग भारतीय हस्तकलेवरून प्रेरणा घेतल्याचं कंपनीने मान्य केलं. किंमत लाखाच्या घरात सांगितली गेली. आपल्या चप्पल लाइनीत चांगली जोडी काही शे ते दोन-तीन हजारांत मिळते. कातडं बाभळीची साल नि हिरड्यात कमवायचं, तळ शिवायचा, वेणी घालायची. कारागिराचे हात तेच. फरक पडतो नावात, दुकानात आणि गिऱ्हाईकाच्या खिशात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हे म्हणजे ठरावीक प्रदेशात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येईल, असं कायद्याचं संरक्षण. ते कागद वापरायला वकील आणि संघटना लागते, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र शंभर वर्षांपूर्वीचं. दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीने भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. स्वच्छता चोख, चहा उत्तम, मेहनत पुरेपूर. गिऱ्हाईक येईना, कारण जात. मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा मागवू लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले, आणि हॉटेल चाललं. पातेलं तेच, चहा तोच.

## 'पण अमुक माणूस शून्यातून वर आलाच की!'

आला. त्याच्याइतकेच राबलेले आणि न आलेले किती, ते मोजायला मात्र कोणी जात नाही. त्यांना स्टेजवर कोण बोलावणार? इटलीतल्या काटानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये संगणकावर हजार काल्पनिक माणसांची चाळीस वर्षं चालवून पाहिली. प्रत्येकाला कमीजास्त गुणवत्ता दिली आणि वाटेत चांगले-वाईट योग पेरले. शेवटी सगळ्यात श्रीमंत निघाले ते मध्यम गुणवत्तेचे, पण योग जुळलेले. ते मॉडेल आहे, जग नव्हे, हे खरं. पण 'जो वर आहे तो लायकच' या गृहीताला त्याने चांगला सुरुंग लावला. त्याच वर्षी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने अंदाज दिला की भारतात तळाच्या घराला सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला सात पिढ्या लागतील. सात पिढ्या आळशी असणं कसं शक्य आहे?

## 'मग कष्ट करायचेच नाहीत का?'

असं कोणी म्हटलं की चर्चा संपवायची असते, हे आता ओळखू येतं. 'असेल माझा हरी'वाल्यांची बाजू मी घेत नाही. छिन्नी न चालवता खिद्रापूर झालं नसतं, तशी पहाटे न उठता शेती होत नाही. पण पोराला 'घासून अभ्यास कर' सांगताना सोबत हेही सांगावं: ज्या कामात शिरतोयस तिथला दर कोण ठरवतं ते बघ, नोकरी असेल तर पीएफ भरला जातो का विचार, पिकाचा आणि माणसाचा विमा काढ, भिशीवर आणि सोन्यावर सगळं टाकू नकोस, सातबारा वाचायला शीक. यात टाळ्या पडण्यासारखं काही नाही, म्हणून स्टेजवरून हे कोणी सांगत नाही.

आणि दर हलतो कसा, तेही दाखवावं. तोडणीचा वर सांगितलेला ३६६ चा दर आधी टनाला पावणेतीनशेच्या आसपास होता. संघटनांनी कोयता बंदचा इशारा दिला, साखर संघाला चर्चेला बसावं लागलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या लवादाने ३४ टक्के वाढ जाहीर केली. त्या आठवड्यात फडातला एकही कोयता जास्त वेगाने चालला नव्हता.